उडदाचा किल्ला

टेबलावर किल्ला होता. शिवम्मा उंबऱ्यात थांबली ती थांबलीच. एक पाय आत, एक बाहेर, हातात कापडी पिशवी, आणि मागून येणारी आरोही "या ना काकू, आत या" म्हणत जवळजवळ तिच्या पाठीवर आदळली. खोली एवढीशी. भिंतींना खळगे पाडलेला करडा स्पंज चिकटवलेला, वर न फिरणारा पंखा, टेबलाला दोन माईक, काचेपलीकडे पिकल्या मिशांचे कुणी गृहस्थ कानांना हेडफोन लावून बसलेले. आणि टेबलाच्या मधोमध हा. अडीच फूट लांबीचा, काळ्या उडदाचा नळदुर्गचा किल्ला. बुरुज, तटबंदी, मध्ये नदीवरच्या बंधाऱ्यातल्या पाणीमहालाची भिंत आणि तिच्यावरून सुटलेल्या शेवयांच्या दोन पांढऱ्या धारा. एक नर, एक मादी. बोरी नदीला भरपूर पाणी आलं की खऱ्या किल्ल्यावर या दोन धारा सुटतात आणि त्या बघायला सोलापूरपासून माणसं येतात. शेवयांच्या धारा मात्र सतरा वर्षं सुटलेल्याच होत्या. त्या शिवम्माच्या बोटांतून सुटल्या होत्या. अणदूरच्या लग्नमंडपात तिनं हा किल्ला चादरीखाली झाकून, मांडवाच्या मागच्या अंगानं नेऊन ठेवला, आणि त्या लग्नानंतर तो तिला आज दिसत होता. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांना घासू लागली, बोटांत उडीद धरल्यावर घासतात तशी.

किल्ल्याशेजारच्या खुर्चीत राजेश्वरी बसली होती. मोरपिशी रेशमी साडी, डोळ्यांना बारीक काड्यांचा चष्मा, अंगानं थोडी भरलेली, पण हनुवटी तीच. "नमस्कार काकू," ती म्हणाली आणि लगेच हातातल्या फाइलमध्ये बघू लागली. काकू! सतरा वर्षांपूर्वी हीच पोर अणदूरहून आईबरोबर शिवम्माच्या नळदुर्गच्या किराणा दुकानात यायची, पोत्यावर बसून गुळाचा खडा चघळायची आणि "अक्का, आज कुठवर आलं?" म्हणून विचारायची. ओळखलं नसेल असं शिवम्माला घटकाभर वाटलं. पण फाइलचं पान उलटायचं तिला सुचत नव्हतं, म्हणजे ओळखलं होतं. मग शिवम्माला आधी आलं ते हसू. बाई गं, रेडिओवर दाखवायला म्हणून कुणी एवढा किल्ला रिक्षात घालून आणतं का? कुणाला दिसणार होता तो इथं? आणि हसू जिरल्यावर दुसरं काहीतरी आलं, जे तिला इतकी वर्षं येऊ द्यायचं नव्हतं. माझा हाय तो, असं तिच्या आत कुणीतरी चांगलं खणखणीत म्हणालं. तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

आरोहीचा यात काही दोष नव्हता. ती बेंबळीची, वय पंचवीसच्या आतबाहेर, धाराशिवात या छोट्या सामुदायिक रेडिओवर 'हातचं काम' नावाचा कार्यक्रम करायची. कधी संबळ वाजवणारा, कधी कवड्यांच्या माळा ओवणारी, कधी ट्रकवर नक्षी काढणारा, असे जिल्ह्यातले कलावंत दर सोमवारी अकरा वाजता येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचे. रेडिओ शहरात आणि जवळच्या गावांत लागायचा, त्यापुढं लोक मोबाइलवर ऐकायचे. एकदा आरोहीच्या आईनंच हसत हसत सांगून टाकलं होतं की माझं रुखवत नळदुर्गच्या शिवम्मानं केलं, आता सांगायला काय हरकत आहे. तेवढ्या धाग्यावर पोरगी शिवम्माला शोधत आली. नवरा गेल्यावर मुलगा उमाशंकर आईला धाराशिवात घेऊन आला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत बसून शिवम्मा डाळी निवडायची आणि मसूर हातात आला की उगाच त्याचा रंग न्याहाळायची. आरोहीनं विचारलं तेव्हा तिनं एकदम होकार दिला. उमाशंकर म्हणाला, "अव्वा, तू काय बोलणार तिथं?" ती म्हणाली, "बघू की." पण मनात तिनं फार स्पष्ट काहीतरी धरलं होतं. आयुष्यात एकदा, मरायच्या आधी एकदा, आपलं काम आणि आपलं नाव एका वाक्यात आलेलं तिला ऐकायचं होतं. दुसऱ्या पाहुण्या म्हणून आरोहीनं रुखवताचे वर्ग घेणाऱ्या, तालुक्याला बक्षीस मिळवलेल्या राजेश्वरीताईंना बोलावलं. दोघींचं जमेल, असं तिला वाटलं. बिचारी.

"काकू, आवाज बघून घेऊ. तुमचं नाव सांगा," काचेपलीकडून त्या गृहस्थांचा, बसवेशचा, आवाज आला. शिवम्मानं नाव सांगितलं. काचेपलीकडच्या पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या होत्या, त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "जरा जोरात." तिनं पुन्हा सांगितलं, दोन पट्ट्या उठल्या आणि बसल्या. बसवेशनं कसलं तरी बटण भरपूर फिरवलं. तिला लाज वाटली. नाव मोठ्यानं घ्यायची सवयच नव्हती तिला. दुकानावर पाटी होती ती नवऱ्याच्या, शरणबसप्पांच्या नावाची, रेशनकार्डावर तिचं नाव तिसऱ्या ओळीत होतं आणि तेही अर्धं पुसलेलं. आणि रुखवताच्या वस्तूंवर? तिथं रंगवलेल्या बारीक दाण्यांनी ठसठशीत लिहिलेलं असायचं ते नवरीचं आणि नवऱ्याचं नाव. तेही तीच लिहायची. शंभरावर नवरा-नवरींची नावं तिनं खसखशीनं आणि राजगिऱ्यानं काढली असतील, आणि प्रत्येकीच्या वेलांट्या तिला अजून पाठ होत्या.

लाल दिवा लागला. आरोहीनं हसऱ्या आवाजात नमस्कार-चमत्कार केले, रुखवत म्हणजे काय ते नव्या पोरींसाठी थोडक्यात सांगितलं. लग्नात मुलीकडचे लोक सासरच्यांपुढं कलाकुसरीच्या, खाण्यापिण्याच्या वस्तू मांडतात, आणि त्या नवरीनं आपल्या हातानं केलेल्या असतात, असं. "असतात," हा शब्द शिवम्माला खालच्या दातात अडकलेल्या सालपटासारखा जाणवला. मग राजेश्वरी बोलू लागली आणि बोलताना ती चांगली बोलते हे कबूल करायला हवं. रंगसंगती, प्रमाण, कल्पकता. "हा नळदुर्गचा किल्ला मी माझ्या स्वतःच्या लग्नात केला होता," ती म्हणाली, "श्रोत्यांना दिसत नाहीये, पण माझ्यासमोरच आहे. पाच महिने लागले मला." पाच महिने? शिवम्मानं चटकन मान वर केली. एकाहत्तर दिवस! संक्रांतीची करी संपली त्या दिवशी खोक्याचा पुठ्ठा कापला आणि पाडव्याच्या आत शेवटची शेवई चिकटली. खोटं बोलायचं तर निदान दिवस तरी बरोबर सांगायचे. तिला राग आला तो चोरीचा नव्हता, वाढवलेल्या दिवसांचा होता. एकाहत्तर दिवसांत केला होता तिनं तो. पाच महिने लावणारी बाई म्हणजे हाताची मंद. आणि मग ते एकाहत्तर दिवस एकदम खोलीत आले. दुकानाच्या मागची पडवी, दुपारचं ऊन, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांनी हादरणारी जमीन आणि त्या हादऱ्यानं परातीत नाचणारे उडीद. ट्रक गेला की मगच दाणा लावायचा, हे तिनं दुसऱ्या दिवशी शिकून घेतलं. किल्ल्याच्या दगडाला काळा रंग फासणं सोपं होतं. पण रंगाचं काळं मेलेलं दिसतं आणि उडदाच्या सालीला आतून एक निळसर झाक असते, जशी पाऊस थांबल्यावर खऱ्या तटाला असते. म्हणून एक-एक उडीद निवडला, सारख्या मापाचा, आणि त्याचा पांढरा डोळा आतल्या बाजूला वळवून लावला. शरणबसप्पा गिऱ्हाइकाला उडीद मोजताना ओरडायचे, "अगं, पोत्यातले बारीक-बारीकच राहिलेत, मोठे गेले कुठं?" ती म्हणायची, "किल्ल्यावर." तो माणूस हसायचा. चांगला होता. एकदा मात्र तो किल्ल्यासमोर उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "शिवम्मा, ह्याच्यात तुझं नाव कुठंय?" ती म्हणाली, "कशाला पायजे?" तो उठून गेला, पण तो प्रश्न पडवीतच राहिला.

कारण बोली तशीच असायची. मुलीची आई येऊन शिवम्माची खणा-नारळानं ओटी भरायची, हळदीकुंकू लावायची आणि मग आवाज खाली आणून म्हणायची, "बाई, कुठं बोलायचं न्हाय. पोरीनं केलं असंच सांगणार आमी." ओटीत पडलेल्या नारळाला साक्षी ठेवून शिवम्मा मान हलवायची. मोबदला मिळायचा, तक्रार नव्हती. लग्नाला आग्रहाचं आवतणं यायचं, आणि ती जायची. का जायची, कोण जाणे. पंगतीत बसून ऐकायची. "काय हात आहे हो पोरीचा!" "शिकवलंय आईनं." एकदा तर तुळजापूरच्या एका लग्नात शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसून म्हटलं होतं, "बघा जरा, बघा. आपल्याला जमलं असतं का ह्यातलं काही?" शिवम्मानं बुंदी गिळली आणि म्हणाली, "छे, आपल्याला कुठलं." घरी येऊन ती इतकी हसली की शरणबसप्पांना वाटलं बाईला काहीतरी बाधलं. पण ते हसून झाल्यावर तिनं दोन दिवस कुठल्याच दाण्याला हात लावला नव्हता, हेही तिला आठवत होतं.

"शिवम्माकाकू, तुम्ही काय काय करता?" आरोहीनं विचारलं.

"करते आपलं काई-बाई," शिवम्मा म्हणाली.

तिला स्वतःचाच संताप आला. काई-बाई! एवढ्यासाठी साडी इस्त्री करून आली होती का ती? समोर एकाहत्तर दिवस बसलेत आणि हिच्या तोंडून काई-बाई निघतंय. पण खरं सांगायचं तर कुठून सांगायचं? एक नाव घेतलं की ओटीतला नारळ फुटला. राजेश्वरीची सासू घरी ऐकत असणार. तिचं नाव कस्तुराबाई, मोठं घर, करडा आवाज, लग्नात किल्ल्यापुढं उभी राहून तीच सगळ्या वऱ्हाडाला ओरडून सांगत होती, बघा आमची सून. त्या घरात राजेश्वरीनं सतरा वर्षं या किल्ल्यावर काढली असतील. तिला खाली ओढायचं आणि मग काय, त्या जागी आपण बसायचं? शिवम्मानं किल्ल्याकडं बघितलं. डाव्या बुरुजावर, वरून तिसऱ्या ओळीत, तो होता. वाकडा दाणा. "अक्का, एक तरी मी लावते ना," म्हणून त्या पोरीनं हट्टानं लावलेला, आडवा, डोळा बाहेर काढून बसलेला. शिवम्माला तो काढून नीट लावता आला असता. काढला नव्हता. म्हटलं असू दे, तिच्या लग्नात तिचा एक दाणा तरी असू दे. आज तो तसाच आडवा बसून जणू तिच्याकडंच बघत होता.

तेवढ्यात पहिला फोन आला. कुणी मुलगी होती, पत्ता न सांगता घाईघाईनं म्हणाली, "माझ्या रुखवताला वर्षात किडे लागले. सगळं पीठ झालं. काय करायचं?" राजेश्वरी माईककडं सरकली. "डांबरगोळ्या ठेवायच्या काचेच्या पेटीत. दर महिन्याला बदलायच्या." आणि शिवम्माच्या आतून, विचार न करता, एखादं पोर चुलीकडं जाताना आई ओरडते तसं बाहेर पडलं, "डांबरगोळ्यांनी काय व्हतंय! खळीत मोरचूद घालायचा." आरोही वळली. राजेश्वरीही. शिवम्माला थांबता येईना. कणकेची खळ पातळ शिजवायची, खाली उतरवली की चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात ओतायचा, आकाशी रंग चढला पाहिजे पण हिरवा होता कामा नये. हात नंतर तीनदा धुवायचे, विषारी असतो. दाणा आधी तव्यावर नुसता गरम करायचा, भाजायचा नाही, म्हणजे आतला ओलावा जातो. शेवया सावलीत वाळवायच्या. उन्हात वाळवल्या की पिवळ्या पडतात आणि मग धबधबा चहासारखा दिसतो. "माझं स्वतःचं रुखवत उंदीर-किड्यांनी खाल्लं नळदुर्गात, तवापासून शिकले," ती म्हणाली. "त्याच्यानंतरचं एकबी खाल्लेलं न्हाय. कुणाचंच न्हाय." शेवटचे दोन शब्द बोलताना तिला जाणवलं की आवाज खोलीतल्या स्पंजात न मुरता परत तिच्याच कानावर येतो आहे. काचेपलीकडं पट्ट्या वर गेल्या होत्या. बसवेशनं मघाशी फिरवलेलं बटण हळूच उलटं फिरवलं. राजेश्वरी किल्ल्याकडं बघत होती. सतरा वर्षांत त्याला कीड का लागली नाही, हे तिला आज कळत असावं.

आरोही आता खुर्चीत पुढं सरकून बसली होती. तिनं हातातला प्रश्नांचा कागद पालथा घातला. "काकू, मग तुमचं काम ओळखायचं कसं? म्हणजे कुठल्याही घरात दिसलं, तर हे शिवम्माकाकूंचं, असं कशावरून कळेल?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ओळखू येऊ नये हीच तर अट असायची. पण प्रश्न कानावर पडला आणि शिवम्मा एकदम आईसमोर जाऊन बसली. सीमेवरचं माहेर, कानडी बोलणारं. लग्नाला चार दिवस उरलेले आणि तिनं स्वतः केलेलं ज्वारीच्या दाण्यांचं छोटं घर परातीत वाळत ठेवलेलं. आई आली, घर उचललं, फिरवून मागची भिंत बघितली आणि केसांतला आकडा काढून तिनं त्या भिंतीला एक बारीक दार कापलं. अर्धं उघडं. कडीच्या जागी जवसाचा एक दाणा लावला. "बागिलु तेरदिरली," एवढंच म्हणाली. दार उघडं राहू दे. शिवम्मानं विचारलं, मागं कशाला, पुढं तर मोठं दार आहे की. आई म्हणाली, पुढच्या दारात सासरचे बसतात. त्या घराला उंदरांनी खाल्लं तेव्हा शिवम्मा रडली नव्हती, पण दार खाल्लं म्हणून रडली होती. त्यानंतर तिनं जे जे केलं, घर, देऊळ, मठ, किल्ला, त्या प्रत्येकाला मागच्या भिंतीत एक दार केलं, करंगळीच्या नखाएवढं, अर्धं उघडं, जवसाच्या कडीचं. रुखवत मांडतात ते पडद्याला टेकवून, नंतर काचेच्या कपाटात भिंतीला टेकवून. मागं कोण बघतं? ते ओळखीसाठी नव्हतंच. ते त्या-त्या पोरीसाठी होतं, तिला माहीत नसलं तरी. हे सगळं ती बोलते आहे, आतल्या आत नाही तर माईकमध्ये बोलते आहे, हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं. "मागच्या भिंतीला," ती सांगत होती, "जवसाची कडी हाय बगा. दार कदीच पुरतं लावत न्हाय मी." आणि मग तिला कळलं की आपण काय करून बसलो. ओटीतला नारळ तिनं फोडला नव्हता. पण शंभर घरांच्या भिंतीकडं बोट दाखवलं होतं.

रेडिओवर शांतता म्हणजे संकट. काचेपलीकडं बसवेश हातानं 'बोला, बोला' करत होता. राजेश्वरीनं दोन्ही हातांनी किल्ला उचलला आणि हळूहळू फिरवला. पाणीमहालाच्या मागची भिंत, जिथं खऱ्या किल्ल्यात आतल्या दालनात उभं राहून पाण्याची पाठ दिसते, तिथं खालच्या कोपऱ्यात दार होतं. अर्धं उघडं. जवसाचा दाणा अजून चकाकत होता. शिवम्माचे डोळे भरून आले. राजेश्वरीनं चष्मा काढला, दार जवळून बघितलं, त्यात करंगळीचं नख घालून बघितलं. ही सगळी गंमत फक्त तीन बायांना दिसत होती. जिल्ह्याला नुसता खुर्चीचा करकर आवाज ऐकू गेला असेल. राजेश्वरीनं किल्ला पुन्हा पहिल्यासारखा ठेवला असता तर कुणाला काही कळलं नसतं, आणि शिवम्मानं तोंड उघडलं नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

फोन वाजला. "म्या धुरपदाबाई, बेंबळीची," पलीकडून आवाज आला, धापा टाकत. "आत्ता कपाट वढून बगितलं. सुनेच्या देवळाला दार हाय मागं! आन सून म्हनती व्हती म्याच केलं. आता तोंडाला पदर लावून हसाया लागलीय बगा." मागून खरंच कुणीतरी हसत होतं. तो फोन ठेवतोय तोवर दुसरा. शिवानी नावाची कुणी शहरातलीच, "माझा राजगिऱ्याचा मठ आहे, मी स्वतःच सांगते, शिवम्माअक्कांनी केलाय. दार आहे, मला आत्ता कळलं. बारा वर्षं झाली लग्नाला." मग तिसरा, मग चौथा. एकीनं मागचं दार सापडत नाही म्हणून काळजीनं विचारलं, शिवम्मानं विचारलं, "तुझा कळस कशाचा?" ती म्हणाली, "थर्माकोलचा." "मग ते माझं न्हवं बाळा," शिवम्मा म्हणाली आणि बसवेशसुद्धा काचेपलीकडं हसला. तिला वाटत होतं घरोघरी भांडणं लागतील. आणि या बाया हसत होत्या, एकमेकींना कपाट ओढायला सांगत होत्या. तिच्या छातीत काहीतरी फुगत चाललं होतं आणि ते आनंद आहे हे ओळखायला तिला वेळ लागला, इतका तो मोठा होता.

"याला पण आहे," राजेश्वरी म्हणाली.

आरोहीला नीट ऐकू आलं नाही. राजेश्वरीनं माईक जवळ ओढला. तिचा आवाज मघाचा नव्हता; अणदूरच्या पोरीचा होता. "या किल्ल्याला पण दार हाय. हा किल्ला अक्कांनी केला. मी सतरा वर्षं माझा म्हणून सांगितलं. लग्नानंतर बायका शिकायला आल्या, मला न्हाई म्हणता येईना, मग मी कुठून कुठून शिकले. वर्ग मी घेते ते खरं हाय. पण किल्ला माझा न्हाई." ती थांबली. गळ्यातलं मंगळसूत्र तिनं मुठीत धरलं होतं. शिवम्मा एवढी वर्षं ज्या वाक्याची वाट बघत होती ते वाक्य आलं, आणि आल्या क्षणी तिला त्या मुठीचीच दया आली. ती पुढं झुकली. "एक दाणा तिचा हाय," ती माईकमध्ये म्हणाली. "डाव्या बुरुजाचा. वरनं तिसऱ्या ओळीत. वाकडा हाय, पर तिचाच हाय. म्या काढला न्हाय." राजेश्वरीनं बुरुजाकडं बघितलं, दाणा सापडला, आणि ती एकदम हसली आणि रडलीही, आणि नाक पुसायला तिला रुमाल मिळेना म्हणून शिवम्मानं आपल्या पिशवीतला दिला.

पुढचा फोन आला तो करडा होता. "आन म्या कस्तुराबाई बोलती." राजेश्वरीच्या हातातला रुमाल तिथंच थांबला. "तिसऱ्या ओळीतला वाकडा दाणा व्हय? त्याच्यात दर दिवाळीला माझं फडकं अडकतंय! सतरा वर्षं झाली. आन ते मागलं दारबी मला ठावं हाय, पुसायचं काम माझ्याकडंच हाय की. पयल्या साली बगितलं तवाच म्हनलं, आमच्या पोरीला तर सुईत दोरा घालता येत न्हाय, आन हे दार कुटनं आलं?" राजेश्वरीचा हुंदका माईकमध्ये गेला. "राजेश्वरी, रडू नगंस. वर्गाला आता पंचवीस पोरी येत्यात त्या काय किल्ला बगून येत्यात व्हय? त्या बाईंना दुपारी जेवाया घिऊन ये." आणि मग, मागं कुकरच्या शिट्टीचा आवाज येत असताना, तिनं विचारलं, "बाई, पर तुमचं पुरं नाव काय? सुरवातीपासनं ऐकतीया, पर तुमच्या तोंडनं ते आलंच न्हाय."

आरोही नाव सांगायला तोंड उघडत होती. शिवम्मानं हात वर करून तिला थांबवलं. तिनं माईक धरला, चांगला मुठीत, दुकानात कधी माप धरायची तसा. पदर खांद्यावरून सुटला होता, तो तिनं सुटू दिला. "शिवम्मा," ती म्हणाली. "शिवम्मा शरणबसप्पा. नळदुर्गची. नळदुर्गचा उडदाचा किल्ला म्या केला. एकाहत्तर दिवसांत!" काचेपलीकडच्या पट्ट्या हिरव्याच्या लाल झाल्या आणि पार वर जाऊन टेकल्या. बसवेशचा हात बटणाकडं गेला, मग त्यानं तिच्याकडं बघितलं आणि हात मांडीवर ठेवून दिला.